सूशा बेटावरचं हाड



आपल्या वॉशिंग्टन राज्यात डायनासोर सापडणं कठीण, कारण त्यांच्या काळात इथला बराचसा भाग समुद्राखाली होता. तरी एप्रिल २०१२ मध्ये एक सापडलाच! सिअ‍ॅटलच्या बर्क म्युझियमची माणसं बॉथेलच्या उत्तरेला, सॅन वॉन बेटांपैकी सूशा बेटावर अमोनाइटचे जीवाश्म शोधत होती. किनाऱ्यावरच्या खडकात त्यांना हाड दिसलं. ते दगडातून मोकळं करायला वर्षाहून जास्त काळ लागला. २०१५ साली जाहीर झालं: टी-रेक्स ज्या थेरोपॉड गटातला, त्याच गटातल्या प्राण्याच्या मांडीचं हे हाड, सुमारे ८ कोटी वर्षं जुनं. तेही अर्धवट, जेमतेम ४२ सेंटिमीटर.

पण जमिनीवरचा प्राणी समुद्री खडकात कसा? उत्तर हाडालगतच्या शिंपल्यांनी दिलं. ती जात उथळ पाण्यातली. म्हणजे प्राणी किनाऱ्याजवळ मेला आणि लाटांबरोबर तिथे येऊन पडला असावा. कुणी आठवण म्हणून नुसतं हाड फोडून नेलं असतं, तर हा पुरावाच गेला असता. स्टेट पार्कातून जीवाश्म उचलायला बंदी आहे, ती इथे पटते.

२०२३ साली शाळकरी मुलांच्या आग्रहामुळे हा 'सूशासॉरस रेक्स' राज्याचा अधिकृत डायनासोर झाला. असो. ओहोटीच्या वेळी पोरांबरोबर फिरताना काही दिसलं, तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा, म्युझियमला कळवा. दगड मात्र तिथेच राहू द्या.