न्यू ऑर्लिन्स सेंट्स : पहिल्या किकच्या आधीची गोष्ट

न्यू ऑर्लिन्स सेंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा इतिहास बहुतेक जण १७ सप्टेंबर १९६७ पासून सांगतात. पहिलाच सामना, पहिलीच किक. जॉन गिलियमने ती झेलली आणि ९४ यार्ड धावत जाऊन थेट टचडाउन केला. मोह पडावा असाच प्रसंग आहे. पण आपण त्या दिवसाकडे जरा उशिरा जाऊ. आधी जानेवारी १९६५ मध्ये याच शहरात, टॅक्सीची वाट बघत उभ्या असलेल्या काही खेळाडूंकडे बघू.

त्या वेळी अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलच्या दोन लीग होत्या. एक जुनी एनएफएल आणि दुसरी १९६० साली खेळायला लागलेली एएफएल. एएफएलने आपला ऑल-स्टार सामना, म्हणजे सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंचा सामना, न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन स्टेडियमवर ठेवला. डेव्ह डिक्सन नावाचे एक उद्योजक शहराला स्वतःचा संघ मिळावा म्हणून खटपट करत होते. त्यामुळे शहराच्या दृष्टीने हा कांदेपोह्यांचाच कार्यक्रम होता म्हणा ना!

नागरी हक्क कायदा होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. पण कायदा वॉशिंग्टनमध्ये झाला होता आणि टॅक्सी न्यू ऑर्लिन्समध्ये चालत होत्या. टॅक्सीवाले कृष्णवर्णीय खेळाडूंना बसवून घेईनात. फ्रेंच क्वार्टरमधले क्लब त्यांना आत घेईनात. अशा २१ खेळाडूंनी एकत्र बसून ठरवलं, की इथे खेळायचं नाही. त्यात कुकी गिलख्रिस्ट होता. पावणेसात फुटी अर्नी लॅड होता, जो लुइझियानातल्याच ग्रॅम्बलिंग कॉलेजातून पुढे आलेला. रॉन मिक्ससारखा गोरा खेळाडूही अखेर त्यांच्या बाजूने उभा राहिला. कमिशनर जो फॉस यांनी सामना ह्यूस्टनला हलवला. महापौर व्हिक्टर शिरो यांनी मात्र दोष खेळाडूंनाच दिला.

त्याच वर्षी अटलांटाला एनएफएलचा आणि मायामीला एएफएलचा संघ मंजूर झाला. न्यू ऑर्लिन्स कोरडंच राहिलं. एकट्या बहिष्कारामुळे असं झालं असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या आठवड्यात शहराची अब्रू देशभर गेली, हे नक्की.

मग संघ मिळाला कसा? इथे गोष्ट मैदान सोडून संसदेत जाते. जून १९६६ मध्ये दोन्ही लीगनी विलीनीकरण जाहीर केलं. पण दोन स्पर्धकांनी एक होणं म्हणजे मक्तेदारी, आणि तिच्याविरुद्ध अमेरिकेत कडक कायदे आहेत. त्यातून सूट हवी होती. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष इमॅन्युएल सेलर यांचा तिला विरोध होता. तेव्हा लुइझियानाचे दोन वजनदार नेते पुढे आले, सिनेटर रसेल लाँग आणि प्रतिनिधिगृहातले हेल बॉग्ज. त्यांनी ही सूट सरळ एका करविषयक विधेयकाला जोडून दिली. सेलरना वळसा घालून ती ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली. किस्सा असा सांगतात, की एनएफएलचे कमिशनर पीट रोझेल आभार मानायला गेले, तर बॉग्जनी आभार बाजूला ठेवून आधी संघाचं बोला असं सुनावलं. १ नोव्हेंबर १९६६ रोजी संघाची घोषणा झाली. तो सर्व संतांचा सण, म्हणून नाव सेंट्स. शहराच्या जॅझमधलं एक लाडकं गाणंही संतांचंच.

इथे एक गोष्ट नजरेआड करू नये. लाँग आणि बॉग्ज या दोघांनीही १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. बॉग्जनी पुढच्याच वर्षी मतदान हक्क कायद्याला पाठिंबा दिला, हेही सांगायला हवं. माणसं अशी सरळ रेषेत बसत नाहीत.

आता संघ. मालक झाले टेक्सासच्या तेलश्रीमंत घराण्यातले तरुण जॉन मेकॉम, प्रशिक्षक टॉम फिअर्स. जुन्या संघांनी आपापले चांगले खेळाडू राखून ठेवले आणि उरलेल्यांतून सेंट्सना ४२ जण उचलायला दिले. म्हणजे वेचणीच. नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक त्यांचा होता, तर तो त्यांनी क्वार्टरबॅक गॅरी क्वोझोसाठी बाल्टिमोरला देऊन टाकला. बाल्टिमोरने त्यावर बब्बा स्मिथ घेतला, आणि क्वोझो एका हंगामानंतर सेंट्समधून गेलाही. हा सौदा आम्हाला आजही कळत नाही. उलट सतराव्या फेरीत, जवळपास कुणाचं लक्ष नसताना घेतलेला डॅनी अब्रामोविच १९६९ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक ७३ पास झेलून बसला!

तर मंडळी, आता १७ सप्टेंबर १९६७. मैदान तेच, तुलेन स्टेडियम, जिथे अडीच वर्षांपूर्वीचा सामना झालाच नव्हता. सुमारे ८०,००० प्रेक्षक. पहिली किक झेलून धावत सुटलेला गिलियम हा साउथ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून आलेला खेळाडू. अख्खं स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं. सामना मात्र लॉस एंजेलिस रॅम्सनी २७-१३ असा जिंकला.

त्यानंतर सलग सहा पराभव. ५ नोव्हेंबरला फिलाडेल्फियाला ३१-२४ हरवलं तेव्हा पहिला विजय. हंगामात जिंकले तीन, हरले अकरा. १९७० मध्ये फिअर्सना काढलं आणि पुढच्याच सामन्यात टॉम डेम्प्सीने ६३ यार्डांवरून फील्ड गोल मारून डेट्रॉइटला हरवलं. जन्मतः त्याच्या त्या पायाला बोटं नव्हती. हा विक्रम २०१३ पर्यंत कुणी मोडला नाही. तो हंगामही संघाने दोनच विजयांवर संपवला. विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त असलेला पहिला हंगाम उजाडला तो थेट १९८७ साली. तोवर वीस हंगाम होऊन गेले होते.