टिपरू ते १२७ : नाशिक ढोल सॅम्पलरमध्ये कसा पोहोचला? #थ्रेड

१/ नाशिकचा ढोल नाशिकपुरता राहिला नाही. केरळातील उत्सवांत आणि मिरवणुकांतही ‘नाशिक ढोल’ याच नावाचे वादन लोकप्रिय आहे. आज हा ढोल संगणकातील सॅम्पलरमध्ये आणि ऑक्टापॅडच्या रबरी चौकोनांतही ऐकू येतो. हा प्रवास म्हणजे आघात आणि नाद यांच्या फारकतीचा इतिहास आहे.

२/ ढोलात आघात आणि नाद यांची जागा एकच. एका पानावर टिपरू, दुसऱ्यावर हाताची थाप. पान किती ताणले आहे, हवा कोरडी आहे की दमट, यानुसार नाद बदलतो. इलेक्ट्रॉनिक ड्रममध्ये मात्र काठी एकीकडे पडते आणि आवाज दुसरीकडे निर्माण होतो.

३/ या इतिहासात १९८० हे वर्ष महत्त्वाचे. जपानच्या रोलँडचे टीआर-८०८ आणि अमेरिकेतील रॉजर लिन यांचे एलएम-१ ही यंत्रे याच वर्षी आली. ८०८ आपले आवाज विद्युत-मंडलांतून घडवी. एलएम-१ मध्ये खऱ्या ड्रमचे मुद्रित आघात साठवलेले होते. त्या काळी मेमरी चिप इतक्या महाग होत्या, की दीर्घकाळ रेंगाळणारा मोठ्या झांजेचा नाद एलएम-१ मधून वगळावा लागला.

४/ महाराष्ट्र यापासून दूर नव्हता. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी ८०८ च्या ठेक्यावर दहा राग सिंथेसायझरवर वाजवून तबकडी काढली. तेव्हा ती दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर गाजली.

५/ १९८३ मध्ये ‘मिडी’ हे प्रमाणित तंत्र आले. मिडीच्या तारेतून नाद वाहत नाही, सूचना वाहतात : कोणता आवाज, केव्हा, किती जोराने. हा जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. १९८५ च्या पहिल्या ऑक्टापॅडला आठ पॅड होते, पण स्वतःचा आवाज नव्हता. तो फक्त सूचना पाठवी. पुढे आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्ट्यांत हे नाव अशा सगळ्याच वाद्यांना चिकटले.

६/ आजची जोडणी याच तत्त्वावर चालते. पॅडखालची पिएझो चकती कंपनाचे विद्युत-संकेतात रूपांतर करते, मॉड्यूल त्यातून मिडी सूचना तयार करते, यूएसबीतून ती रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जाते आणि तिथला सॅम्पलर नाद देतो. स्टाइनबर्गच्या व्हीएसटी तंत्राने (१९९६, दुसरी आवृत्ती १९९९) सॅम्पलरसारखी वाद्ये सॉफ्टवेअरच्या आत आणली.

७/ यात खरा शत्रू म्हणजे विलंब. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना ५१२ नमुन्यांचा बफर ठेवला, तर त्या एका टप्प्यातच सुमारे १२ मिलिसेकंद जातात. जणू ढोल चार मीटर दूर ठेवून वाजवावा. १२८ ठेवल्यास हाच विलंब सुमारे ३ मिलिसेकंदांवर येतो, पण संगणकावरचा ताण वाढतो.

८/ दुसरी अडचण एकसुरीपणाची. एकच मुद्रित आघात पुन्हापुन्हा वाजला की कान लगेच ओळखतो. म्हणून चांगल्या सॅम्पलरमध्ये हलक्या, मध्यम आणि जोरकस आघातांचे निरनिराळे थर असतात. शिवाय प्रत्येक थरात अनेक मुद्रणे आलटून पालटून वाजतात.

९/ तरीही पथक निसटतेच. अनेक ढोलांचे आघात काही मिलिसेकंदांनी मागेपुढे पडतात आणि त्यातूनच नादाला रुंदी येते. एकाच ढोलाचे सॅम्पल वीस वेळा एकावर एक रचले तर आवाज मोठा होतो, पथक तयार होत नाही. सॉफ्टवेअरने सगळे आघात काटेकोर मात्रेवर ओढले, की उरलासुरला जिवंतपणाही जातो.

१०/ यातला सर्वांत मोठा प्रश्न मात्र तांत्रिक नाही. सॅम्पलच्या फाइलीवर शहराचे नाव टिकते, वादकाचे सहसा टिकत नाही. ज्या हाताच्या आघातावर शेकडो गाणी उभी राहू शकतात, तो हात अनामिक राहतो. इतिहासाच्या दृष्टीने सॅम्पल हेही एक साधन आहे, ताम्रपटासारखेच. कोणी वाजवले, कुठे, कधी, कोणत्या ढोलावर, एवढ्या चार नोंदी मुद्रणासोबत जपल्या, तर उद्याच्या अभ्यासकाला नादाबरोबर माणूसही सापडेल.

#इतिहास #नाशिक_ढोल