एक वही, अनेक घरे

दिवाळी जवळ आली की घरोघर चकलीच्या भाजणीचे प्रमाण शोधले जाते. आजीच्या वहीतून तिघी सुनांनी ते उतरून घेतलेले असते. उतरताना एकीने उडदाची डाळ थोडी वाढविलेली असते, तर दुसरी धणे लिहावयास विसरलेली असते. दहा वर्षांनी तीन घरांत तीन तऱ्हेच्या चकल्या होतात आणि प्रत्येकीची खात्री असते की, ही आजीचीच! संगणकाच्या जगातही असाच प्रकार घडला आहे. त्याचा इतिहास मौजेचा आहे.

मोठा प्रोग्राम एका फाइलीत मावत नाही. त्याचे अनेक विभाग, म्हणजे मॉड्यूल, असतात. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल अशा रूपात आणून हे विभाग जोडावयाचे, या कामाला बांधणी म्हणू. काय आधी, काय नंतर आणि बाहेरून आणलेल्या साहित्याची कोणती आवृत्ती घ्यावयाची, याचे नियम कोठेतरी लिहून ठेवावेच लागतात.

१९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन हे गृहस्थ त्रासून आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. मुळात बरोबर असलेल्या प्रोग्रामात चूक शोधण्यात त्यांची सारी सकाळ गेली होती. चूक केव्हाच सुधारली होती, पण सुधारलेली फाइल पुन्हा कंपाइल करावयाची राहून गेली होती! यावर उपाय म्हणून फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवावे. मग जे बदलले, त्यावर जे अवलंबून, तेवढेच मेक पुन्हा बांधील.

त्यात एक खोड राहिली. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे. तेथे साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारख्याच दिसतात. फेल्डमन यांना हे लवकरच उमगले. परंतु तोवर डझनभर मंडळी मेक वापरू लागली होती, बहुतेक स्नेहीच. त्यांची कामे मोडू नयेत म्हणून नियम तसाच राहिला. डझनाचे पुढे असंख्य झाले! मेकबद्दल २००३ साली फेल्डमन यांचा मोठा गौरव झाला. टॅब मात्र अजून सुटलेला नाही.

टॅबला वैतागलेल्यांपैकी जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी जावा भाषेतील कामासाठी ‘अँट’ रचले. २००० साली ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. टॅबची कटकट मिटली, पण वहीची उभी राहिली. जकार्ता टर्बाइन नावाच्या उपक्रमात अनेक प्रकल्प होते. प्रत्येकाची अँटची फाइल निराळी, तीही जराशीच निराळी. तिन्ही सुनांची तीच गोष्ट!

तेथेच जेसन व्हॅन झिल यांचे ‘मेव्हन’ जन्मले. ऑक्टोबर २००५ मध्ये त्याची दुसरी मोठी आवृत्ती आली. समाईक नियम आणि आवृत्त्या एका पालक-फाइलीत लिहावयाच्या. प्रत्येक विभागाने पालकाचे नाव सांगावयाचे आणि आपले वेगळे असेल तेवढेच लिहावयाचे. सर्व पालकांच्याही वर मेव्हनने एक मूळपुरुष बसविला आहे.

तथापि एकत्र कुटुंबाचे सुख तसे दुःखही. पालकातली एक ओळ बदलली की सारी भावंडे हलतात. ज्याला जे नको, तेही त्याच्या ताटात पडते. पुढे आलेल्या ‘ग्रेडल’मध्येही वरून सर्वांना नियम वाटण्याची सोय होती. आता मात्र त्याचे कर्तेच सांगतात की, समाईक नियमांचे लहान लहान संच करावेत आणि ज्या विभागाला जो हवा, त्याने तो नाव घेऊन मागावा.

म्हणजे वही एकच असावी, पण कोणते पान उघडावयाचे ते ज्या त्या घराने ठरवावे. आणि नियम लिहिणाऱ्याने फेल्डमन यांचे ते डझनभर स्नेही आठवावेत. चूक सुधारावयाची तर ती पंगत बसण्यापूर्वी. पाने वाढल्यावर मीठ काढता येत नाही.