अखिल भारतीय क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा (१९११)

पारशी संघांच्या १८८६ व १८८८ मधील दौऱ्यांनंतर इंग्लंडला गेलेला, विविध जमातींच्या खेळाडूंचा पहिला भारतीय संघ. निकालांच्या दृष्टीने हा दौरा अपयशी ठरला : २३ सामन्यांपैकी १५ गमावले, ६ जिंकले व २ अनिर्णित राहिले. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांना पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचे आकर्षण अधिक होते. प्रथम दर्जाचे तीनच सामने ते खेळले. त्यांच्या तैनातीत असल्यामुळे के. एम. मिस्त्री हे कुशल फलंदाजही संघाला फारसे लाभले नाहीत.

या पडझडीत एकट्या बाळू पालवणकरांनी (१८७६–१९५५) ११४ गडी बाद केले. लेस्टरशरविरुद्धच्या विजयात त्यांचे ११ बळी होते. सॉमरसेटवर संघाने एका गड्याने मात केली. बाळू हे अस्पृश्य मानलेल्या चर्मकार जातीचे. पुण्यातील यूरोपियन क्लबात दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखताना गोऱ्या सभासदांना चेंडू टाकून त्यांची डावखुरी फिरकी घडली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळविले. मात्र चहा मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यातून दिला जाई. इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. हिंदू संघाच्या कर्णधारपदाचा मान मात्र त्यांना मिळाला नाही. तो १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आला.