धाव, स्टेपनी आणि बारा इंची टायर

आजच्या भागाचं हे लिखित रूप. यात आकडे बरेच आहेत, त्यामुळे ऐकताना जे निसटलं असेल ते इथे सावकाश वाचता येईल.

विषय आहे टायर. समजा, आर्णीत कुणाकडे २००६ सालची मारुती ८०० आहे. इंजिन ठणठणीत, कागदपत्रं चोख, पण चारही टायर गुळगुळीत. गावातल्या दुकानात ट्रॅक्टरचे, ट्रकचे, मोटारसायकलचे टायर असतात. मारुतीचा बारा इंची मागितला की दुकानदार म्हणतो, "मागवावा लागंल भाऊ." तेवढ्यात घरातलं पोरगं मोबाइल काढतं आणि म्हणतं, "बाबा, ऑनलाइन आहे नं! स्वस्तात!"

आता मोबाइलवर दिसणारा टायर आपल्याच गाडीचा आहे, आणि तो नवा आहे, हे कसं ओळखायचं? उत्तर टायरच्या अंगावरच छापलेलं असतं. पण ते आकडे तिथे कसे आले, ते आधी बघू.

धाव ते टायर

आर्णीला रेल्वे नाही. शकुंतला यवतमाळहून मूर्तिजापूरकडे गेली, आर्णीच्या वाटेला ती आलीच नाही. म्हणजे इथला कापूस बाहेर गेला आणि बाहेरचा माल आत आला तो चाकांवरच. आधी बैलगाडीच्या लाकडी चाकांवर. त्या चाकाला लोखंडी पट्टा असायचा, त्याला आपण 'धाव' म्हणतो. ती तापवून चढवायची, पाणी ओतून थंड करायची, की चाकाला घट्ट आवळून बसते. गंमत म्हणजे इंग्रजीत 'टायर' हा शब्दही आधी याच लोखंडी पट्ट्यासाठी होता. रबर नंतर आलं.

१८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती सापडली. १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसनने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण ते चाललं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलपने पोराच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा केली आणि ती जगभर गेली. हा डनलप पेशाने गुरांचा डॉक्टर होता बरं का.

आणि स्टेपनी? हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी मोटारींसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली. वेल्समधल्या त्या रस्त्याचं नाव आपल्याकडे पंक्चरच्या प्रत्येक दुकानात रोज घेतलं जातं.

टंचाईची सवय

भारतात मोठा टायर कारखाना आला तो १९३६ मध्ये, डनलपचा, बंगालमधल्या साहागंजला. पाठोपाठ मुंबईत फायरस्टोन. मग युद्ध आलं. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतलं, फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, आणि जगातल्या बहुतेक नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला. अमेरिकेत युद्धकाळात सगळ्यात आधी रेशनिंग लागलं ते साखरेवर नाही, टायरवर. आपल्याकडेही टायरवर नियंत्रण आलं.

स्वातंत्र्यानंतर देशी उत्पादन वाढत गेलं. १९४६ मध्ये मद्रासजवळ फुगे बनवणारी एमआरएफ १९६१ मध्ये टायरमध्ये उतरली. मूळची इटलीतल्या तुरीनची सिएट १९५८ मध्ये मुंबईला आली, भांडुपला. आज आर्णीवरून जो राष्ट्रीय महामार्ग ३६१ जातो तो यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीला पोचतो, आणि त्या बुटीबोरीत सिएटचाच दुचाकी टायरचा कारखाना आहे.

म्हणजे कारखाना आला आपल्या रस्त्याच्या टोकाला, पण जुन्या मारुतीचा टायर काही दुकानात आला नाही. कारण पूर्वी टंचाई टायरची होती, आता टंचाई मापाची आहे. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. नव्या गाड्या तेरा, चौदा, पंधरा इंचांवर गेल्या. बारा इंची टायर बनतो, पण थोडा. छोट्या गावातला दुकानदार तो वर्षभर अडकवून कशाला ठेवेल? म्हणून जुन्या गाडीवाल्याला ऑनलाइनचा खरा उपयोग आहे, आणि धोकाही त्यालाच जास्त आहे.

अंगावरचे आकडे

प्रीमियर पद्मिनीच्या टायरवर ५.२०-१४ असं लिहिलेलं असायचं. म्हणजे ५.२० इंच रुंद, १४ इंचाच्या रिमसाठी. हा जुन्या पद्धतीचा टायर, ज्याला आपल्याकडे 'नायलॉन' म्हणतात. १९४६ मध्ये मिशेलिनने रेडियलचं पेटंट घेतलं. आतले धागे तिरके न टाकता आडवे टाकले आणि वर पोलादी पट्टा दिला. भारतात १९७७ मध्ये जेके टायरने रेडियल आणला.

मारुती ८०० वर लिहिलेलं असतं १४५/७० आर १२. आता हे फोडू. १४५ मिलिमीटर रुंदी. ७० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ७० टक्के, साधारण १०१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १२ म्हणजे रिम किती इंची. पुढे ६९ एस असेल, तर एका टायरवर ३२५ किलोपर्यंत भार आणि ताशी १८० किलोमीटरपर्यंत वेग चालतो.

चूक नेमकी इथे होते. शोधताना 'बारा इंची' एवढंच टाकलं की अल्टोचा १४५/८० आर १२ समोर येतो. रिमवर तो बसतोही! पण हिशोब करा. आपल्या टायरचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर, अल्टोचा ५३७. जवळजवळ सहा टक्के जास्त. म्हणजे मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी ६३ च्या वर पळत असेल, आणि वळणावर टायर आत घासू शकतो. ऑम्नीचा बारा इंचीही वेगळाच असतो. 'बसतो' आणि 'चालतो' यात फरक आहे, मंडळी.

दुसरी गोष्ट तारीख. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २००० पूर्वी तीनच आकडे असायचे, त्यामुळे दशक कळायचं नाही. कमी खपणाऱ्या मापाचा माल गोदामात पडून राहतो आणि तोच कधी 'भारी सूट' म्हणून येतो. रबर न वापरताही कडक होतं, आणि आपल्याकडचा मे महिना काय असतो हे यवतमाळकरांना सांगायला नको. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहा वर्षांनी बदलाच, असं टायर कंपन्याही सांगतात. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून त्या चार आकड्यांचा फोटो मागवा. आयएसआय खूणही बघा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की मोटारीचा टायर कायद्यानेही बाद.

तक्रार कुठे?

पूर्वी अशी खरेदी फसली तर मुंबई-दिल्लीच्या कंपनीशी भांडायचं कुठे, हा प्रश्न असायचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि एक मोठी गोष्ट बदलली. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आर्णीच्या माणसाला यवतमाळ. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचा पत्ता, परतीच्या अटी आणि माल कुठल्या देशातला हे दाखवणं बंधनकारक आहे. १९१५ हा हेल्पलाइन क्रमांकही आहे. आणि भाव तोलताना लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

आता गावातल्या टायरवाल्याचं काय? त्याच्याशिवाय चालणार नाही. टायर कुरियरने येईल, पण चढवणार, बॅलन्सिंग करणार तोच किंवा यवतमाळचा दुसरा कोणी. त्यामुळे आधी त्याला ऑनलाइन भाव दाखवा. तोच ताज्या तारखेचा टायर थोड्या फरकाने मागवून देत असेल तर चढवण्याचे पैसे आणि परत पाठवायची कटकट धरून सौदा बहुधा त्याच्याकडेच बरा पडेल. आणि ऑनलाइन घेतलाच, तर पार्सल उघडल्यावर माप आणि तारीख वाचा, मगच चढवा. एकदा चढवलेला टायर कोणी सहज परत घेत नाही.

युद्धाच्या काळात टायर मिळणं सरकारच्या हातात होतं, नंतर दुकानदाराच्या. आता निवड आपल्या हातात आली आहे, पण वाचता आलं तरच.

तर पुढच्या भागात भेटू. तोवर आपल्या गाडीच्या टायरवरचे ते चार आकडे बघून ठेवा. आणि हो, स्टेपनीचेही बघा. सगळ्यात म्हातारी बहुतेक तीच निघते.