चुकीच्या नावाचे पट्टे

आजचा थ्रेड गडकोटांचा नाही, ताम्रपटांचाही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या काही पट्ट्यांचा आहे. दस्तऐवज डोळ्यांसमोर असूनही तो चुकीचा वाचला जातो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही. इथे मात्र दस्तऐवज होता प्रकाशाचा.

१९६२ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे, आरसीए कंपनीच्या डेव्हिड सारनॉफ संशोधन केंद्रात, रिचर्ड विल्यम्स एका पदार्थाचा अतिशय पातळ थर न्याहाळत होते. थराच्या दोन्ही बाजूंना काचा आणि काचांच्या आतून वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप होता. पदार्थाचे नाव पॅरा-अझॉक्सिअ‍ॅनिसोल. तो साधारण ११८ ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच द्रवस्फटिक असतो, त्यामुळे सारा खटाटोप तापवलेल्या नमुन्यावर चाले. काही व्होल्ट दाब देताच एकसारख्या दिसणाऱ्या थरात समांतर पट्टे उमटले. दाब काढताच ते नाहीसे झाले.

द्रवस्फटिक म्हणजे वाहणारा, तरीही आतून शिस्त पाळणारा पदार्थ. १८८८ मध्ये प्राग येथे फ्रीडरिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू आढळले, तेथून ही कथा सुरू होते. त्याच्या ‘नेमॅटिक’ प्रकारात काडीसारखे लांबट रेणू एका दिशेने तोंड करून असतात, ओढ्याच्या पाण्यात तरंगणाऱ्या गवताच्या काड्यांसारखे.

विल्यम्स यांनी १९६३ च्या शोधनिबंधात या पट्ट्यांना ‘डोमेन’ म्हटले. हा शब्द निरागस नव्हता. चुंबकात किंवा फेरोइलेक्ट्रिक स्फटिकात, जिथे सर्व कणांचा कल एकाच बाजूला असतो, अशा स्थिर तुकड्याला डोमेन म्हणतात. द्रवस्फटिकही फेरोइलेक्ट्रिक असावेत, ही शंका त्या शब्दात दडलेली होती. १९६६ मध्ये विल्यम्स आणि त्यांचे तरुण सहकारी जॉर्ज हाइलमायर यांनी ती शक्यता उघडपणे मांडली.

ती शंका या पट्ट्यांपुरती खोटी ठरली. पट्टे स्थिर नव्हतेच. तिथे द्रव फिरत होता. थरातील धूलिकण पाहिले तर ते गोल गोल घुमताना दिसत. प्रत्येक पट्टा म्हणजे आडवा पडलेला, लाटण्यासारखा भोवरा.

द्रव फिरतो कशामुळे? ई. एफ. कार आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांच्या नावाने ओळखले जाणारे स्पष्टीकरण १९६९ पर्यंत आकाराला आले. द्रवात अशुद्धीमुळे थोडे आयन असतात आणि ते रेणूंच्या लांबीच्या दिशेने अधिक सहज धावतात. रेणूंची रांग कुठे जराशी वाकली की विद्युतप्रवाह तिथे बाजूला वळतो, आणि धन व ऋण भार शेजारी-शेजारी साचतात. विद्युतक्षेत्र या भारांना वर-खाली ओढते, त्यांच्यासोबत द्रव वाहतो, आणि तो प्रवाह रेणूंना आणखी वाकवतो. वाक प्रवाहाला जन्म देतो, प्रवाह वाकाला. लवचिकता व श्यानता या चक्राला आवर घालतात. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की आवर सुटतो.

मग डोळ्यांना दिसत काय होते? मला या कथेतला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. रेणूंच्या दिशेने ध्रुवित केलेल्या प्रकाशासाठी, रेणू जितका कलतो तितका अपवर्तनांक बदलतो. भोवऱ्यांमुळे हा कल ठरावीक अंतराने कमी-जास्त होतो, आणि सपाट थर भिंगांच्या रांगेसारखा वागू लागतो. तेजस्वी रेषा म्हणजे त्या भिंगांनी एकत्र आणलेला प्रकाश. ध्रुवक ९० अंशांनी फिरवा, रेषा मावळतात. सूक्ष्मदर्शकाचा फोकस वर-खाली करा, त्या जागा बदलतात. विभागांची सीमारेषा अशी सरकत नाही! पुरावा पहिल्यापासून समोर होता. वाचनाची रीत तेवढी उशिरा आली.

गंमत अशी की चुकीच्या समजुतीने काम थांबले नाही. दाब बराच वाढवला की भोवरे मोडून खळबळ माजते आणि थर दुधासारखा पांढरा दिसतो. हाइलमायर यांनी याच परिणामावर दर्शकपटल उभे केले आणि १९६८ च्या मे महिन्यात आरसीएने ते पत्रकारांपुढे मांडले. जपानच्या शार्प कंपनीचा १९७३ चा ईएल-८०५ हा गणकयंत्राचा नमुना याच तत्त्वावर चाले. म्हणजे ते आकडे अक्षरशः अशुद्धीवर जगत होते. द्रव फार शुद्ध केला तर खळबळच होणार नाही.

या पटलाची सद्दी संपवण्यात मोठा वाटा हेल्फ्रिख यांचाच. भोवऱ्यांचे कोडे सोडवणारा हा माणूस आरसीए सोडून बाझलला गेला आणि डिसेंबर १९७० मध्ये मार्टिन शाड्ट यांच्यासह पिळलेल्या नेमॅटिकच्या पटलासाठी एकस्व-अर्ज दाखल केला. त्यात द्रव वाहावा लागत नाही, रेणू नुसते वळतात. म्हणून वीज नगण्य लागते.

बाजारातून हद्दपार झालेले भोवरे प्रयोगशाळेत मात्र टिकले. १९९१ मध्ये इंगो रेहबेर्ग आणि सहकाऱ्यांनी, पट्टे उमटण्याच्या मर्यादेच्या किंचित खाली, निव्वळ उष्णतेमुळे क्षणभर उमटून विरणारे फिकट पट्टे प्रकाशाच्या साहाय्यानेच टिपले. शोधनिबंधांत त्या पट्ट्यांचे नाव आजही ‘विल्यम्स डोमेन’ असेच छापले जाते.