वैमानिकाची झडती

ज्याच्या हातीं सारें विमान सोंपवावयाचें, त्याच्या खिशांतील चाकू काढून घेण्यांत शहाणपण कोणतें, हा अमेरिकन वैमानिकांचा सवाल बिनतोड वाटतो. तेथें १९७३ च्या जानेवारींत प्रत्येक उतारूची तपासणी सक्तीची झाली; विमान-कंपन्यांचे नोकर मात्र ओळखपत्रावर सुटत. ७ डिसेंबर १९८७ रोजीं एक बडतर्फ नोकर, परत न केलेलें ओळखपत्र दाखवून, रिव्हॉल्व्हरसह लॉस एंजेलिसहून सुटणाऱ्या विमानांत चढला. त्यानें वैमानिकांस गोळ्या घातल्या. विमान कोसळून ४३ जीव गेले. तेव्हांपासून गुन्हा एकाचा, झडती सर्वांची! मनुष्य अद्याप कामावर आहे काय, हें कंपनीच्या नोंदींवरून तत्काळ पडताळण्याची सोय २०११ मध्यें सुरू झाली, तेव्हां कोठें हा जाच हलका झाला. त्रास माणसांनीं सोसला. दोष कागदाचा होता.